मुलांच्या कारसीट आणि बूस्टर: कायदा कुठपर्यंत आणि त्यापुढे काय?

कातरवेळ

मंडळी, कारसीटच्या कायद्याबद्दल जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे.

आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. लेक सव्वासात वर्षांची, उंची 121 सेंमी, वजन 22 किलोच्या आसपास. धाकटा अकरा महिन्यांचा, साडेनऊ किलो. या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन नेदरलँड्स आणि जर्मनीत जायचंय, त्यानंतर भारतात. जितक्या जणांना विचारलं तितकी वेगळी उत्तरं मिळाली. कुणी म्हणतं सात पूर्ण झाली की बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) सुटलं, कुणी म्हणतं बारापर्यंत हवंच. धाकट्याबद्दल तर सगळ्यांचं एकच पालुपद, "नऊ किलो झाला ना, मग आता फिरव पुढे तोंड करून."

लेकीला फक्त खालची उशी, म्हणजे पाठ नसलेलं बूस्टर चालेल का? धाकट्याला खरंच फिरवायचं का? आणि दुसऱ्या देशात गाडी चालवताना नियम कुठला, आपला की तिथला?

माझं मत आधीच सांगून टाकते. कायद्यात वयाचा आकडा असूच नये, फक्त उंची असावी. लेकीच्या वर्गात दोन मैत्रिणी एकाच महिन्यात जन्मलेल्या आहेत आणि दोघींच्या उंचीत वीतभर फरक आहे. दोघींना एकच नियम कसा लागू होणार?

आंबटगोड

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे, त्यामुळे उत्तरांची वाट बघते.

चक्रधर७

@कातरवेळ, ब्रिटनचा नियम असा: वयाची 12 वर्षं किंवा 135 सेंमी उंची, यातलं जे आधी होईल तोवर योग्य कारसीट किंवा बूस्टर बंधनकारक. सातव्या वर्षाचा काही संबंध नाही. ते बहुधा ऑस्ट्रेलियातल्या कुणाकडून ऐकलेलं असणार. मूल 14 वर्षांचं होईपर्यंत जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. दंड 500 पौंडांपर्यंत होऊ शकतो.

आता धाकट्याचं. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. युरोपात दोन मानकं एकाच वेळी वापरात आहेत. जुनं आर44, ते वजनावर चालतं. नवीन आर129, ते उंचीवर चालतं आणि 2013 पासून आलं. आय-साइझ म्हणतात ते यातलंच. सीटच्या खाली किंवा पाठीमागे नारिंगी रंगाचा चिकटवलेला कागद असतो, त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा (1 म्हणजे जर्मनी, 4 नेदरलँड्स, 11 ब्रिटन). त्याच कागदावर आर44 की आर129 तेही लिहिलेलं असतं.

सीट आर44 ची असेल तर 9 किलोनंतर पुढे तोंड करून बसवायला कायद्याची हरकत नाही. तीच सीट आर129 ची असेल तर मूल 15 महिन्यांपेक्षा मोठं झाल्याशिवाय पुढे तोंड करता येत नाही, वजन कितीही असो. म्हणजे तुमचा मुलगा तोच, गाडी तीच, रस्ता तोच. फक्त कागद कुठला त्यावर कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरतं. म्हणून आधी कागद बघा.

कातरवेळ

@चक्रधर७, खूप आभार. आत्ताच खाली जाऊन टॉर्च लावून पाहिलं. धाकट्याची आर129 आहे. म्हणजे फिरवायचा प्रश्नच मिटला! लेकीच्या सीटवर आर44/04 आणि 15-36 किलो असं दिसतंय, पाठ आहे पण ती काढता येते.

चक्रधर७

पाठ काढू नका. 1 मार्च 2017 पासून पाठ नसलेल्या बूस्टरच्या नव्या मॉडेलना मान्यता मिळते ती 125 सेंमीपेक्षा उंच आणि 22 किलोपेक्षा जड मुलांसाठीच. त्याआधी मान्यता मिळालेली मॉडेल बेकायदेशीर ठरलेली नाहीत, त्यामुळे तुमच्या लेकीला नुसत्या उशीवर बसवलंत तर पोलीस कदाचित काही म्हणणार नाहीत. पण नियम बदलला त्याचं कारण लेकीलाही लागू आहे. बाजूने धडक बसली तर उशी काहीच अडवत नाही आणि मूल पेंगलं की खांद्याचा पट्टा सरकून हातावर येतो.

खटपट्या

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नये. आमच्या पिढीत गाडीत मागे चार-पाच मुलं कोंबलेली असायची, तान्हं बाळ आईच्या मांडीवर. सगळे सुखरूप मोठे झालो. आईच्या हातांइतकं सुरक्षित काय आहे? आता प्रत्येक गोष्टीला कायदा, कागद आणि दंड. मुलं रडून रडून हैराण होतात त्या सीटमध्ये.

अणुरेणू

@खटपट्या, राग अजिबात नाही, पण हिशेब मांडतो. गाडी ताशी 50 किमी वेगाने जाऊन धडकली, म्हणजे सेकंदाला साधारण 14 मीटर. धडकेत ती एक दशांश सेकंदात थांबली असं धरू. सरासरी मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वाकर्षणाच्या 14 पट. कातरवेळ यांचं साडेनऊ किलोचं बाळ मांडीवर असेल तर त्या क्षणी ते धरून ठेवायला जवळजवळ 135 किलोचं ओझं पेलण्याइतका जोर लागेल. तोही आधी कल्पना नसताना. ही झाली सरासरी, कमाल त्याहून बरीच जास्त असते. आईच्या मायेबद्दल कुणाला शंका नाही, पण हातांची ताकद तेवढी नसते. त्यात आईनेच पट्टा बांधला नसेल तर बाळ आई आणि पुढची सीट यांच्यामध्ये चिरडलं जातं.

आणि एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळणं तर त्याहून वाईट. आईचं सगळं वजन पट्ट्यामार्फत बाळाच्या पोटावर येतं.

निळीशाई

+१ अणुरेणू.

शुभ्रकमळ

मी मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

सीटबेल्ट मोठ्यांच्या शरीरासाठी बनवलेला आहे. त्याचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर, पुढे दोन बाजूंना जी हाडाची टोकं हाताला लागतात त्यांच्या खाली अडकून राहतो. ते हाड धक्का सहन करतं. सहा-सात वर्षांच्या मुलात ही टोकं पुरेशी वाढलेलीच नसतात, त्यामुळे पट्ट्याला अडकायला जागा नसते. त्यात गाडीच्या सीटची खोली मोठ्या माणसाच्या मांडीएवढी. मुलाचे गुडघे सीटच्या काठापर्यंत पोचत नाहीत, पाय सरळ पुढे राहतात, ते अवघडतं, म्हणून मूल हळूहळू पुढे घसरत कण्याला बाक देऊन बसतं. मूल गाडीत बसून दहा-पंधरा मिनिटं झाली की मागे वळून बघा, नेमकं हेच दिसेल. तेवढ्यात पट्टा मांडीवरून पोटावर चढलेला असतो.

अशा स्थितीत धडक बसली की शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटात रुततो. आतड्याला इजा, कंबरेच्या मणक्याला इजा, पोटावर पट्ट्याचा आडवा काळानिळा वळ. आमच्याकडे तो वळ दिसला की आत काय झालंय ते तातडीने शोधायला सुरुवात होते, मूल वरकरणी ठीक बोलत असलं तरी. बूस्टर काय करतं? मुलाला वर उचलतं, गुडघे काठावर वाकू देतं आणि हाताखालच्या खाचांमुळे पट्टा मांडीवर खाली धरून ठेवतं. इतकी साधी गोष्ट आहे.

लहान बाळांचं कारण वेगळं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, नवजात बाळात तर लांबीच्या पाव भाग. मानेचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नसतात. पुढे तोंड असेल तर धड हार्नेसमध्ये (सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत) अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. म्हणून कातरवेळ, 15 महिने झाले की फिरवायलाच हवं असं नाही. सीटच्या मर्यादेत बसतोय तोवर तसाच राहू द्या.

पाऊसवेडा

पण पायांचं काय? आमच्या मुलाचे पाय मागच्या सीटला टेकतात, मुडपून बसतो बिचारा. रिअर फेसिंगमध्ये गुडघे दुखत नाहीत का?

शुभ्रकमळ

@पाऊसवेडा, मुलं तशीही मांडी घालून, पाय मुडपून तासन्‌तास खेळतात. पाय टेकणं ही सीट लहान झाल्याची खूण नाही. खूण असते डोक्याची. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या काठाच्या किती जवळ आलाय ते सीटबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे मोडलेला पाय बरा होतो, मानेच्या मज्जारज्जूचं तसं नाही.

सप्तर्षी

अमेरिकेतून. इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पहिला कायदा टेनेसी राज्याने 1977 मध्ये केला, पुढच्या वर्षापासून अमलात आणला आणि 1985 पर्यंत सगळ्या राज्यांत काही ना काही कायदा आला. आम्ही कॅलिफोर्नियात. इथे 2 वर्षांखालचं मूल मागे तोंड करूनच, अपवाद 40 पौंड वजन किंवा 40 इंच उंची झालेल्यांचा. 8 वर्षांपर्यंत मागच्या सीटवर कारसीट किंवा बूस्टर, उंची 4 फूट 9 इंच झाली असेल तर सूट. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये दोन वर्षांचा आकडा सल्ल्यातून काढूनच टाकला आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत मागेच तोंड ठेवा असं सांगितलं.

आठव्या वाढदिवसाला बूस्टर फेकून देणारे पालक इथे खूप. आम्ही वय बघितलं नाही, पट्टा बघितला. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे काठावर वाकलेले, खालचा पट्टा मांड्यांना चिकटून, वरचा पट्टा मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध, आणि हे सगळं प्रवास संपेपर्यंत न घसरता टिकायला हवं. शेवटचीच अट सर्वांत कठीण. मुलगी पहिल्या मिनिटाला सगळ्यात पास आणि पुढच्या सिग्नलला पट्टा काखेखाली घेऊन बसलेली. आमच्या दोन गाड्यांत निकालही वेगळा आला. एका गाडीची सीट कमी खोल, तिथे पट्टा बरोबर बसला. दुसरीत मात्र अजून बूस्टर लागतं.

उत्तरायण

जर्मनीबद्दल मी सांगतो. इथे 12 वर्षं किंवा 150 सेंमी, जे आधी होईल ते. नेदरलँड्समध्ये 135 सेंमी. युरोपीय संघाचा मूळ नियम 150 चा, पण देशांना 135 पर्यंत खाली यायची मुभा आहे. आयर्लंड, इटली 150 वर आहेत. फ्रान्सने उंचीऐवजी वय धरलंय, 10 वर्षं. म्हणजे 140 सेंमी उंचीची दहा वर्षांची मुलगी नेदरलँड्समध्ये नुसत्या पट्ट्यावर चालते आणि सीमा ओलांडून जर्मनीत आली की बूस्टर हवं. कातरवेळ, तुमची लेक 121 ची आहे त्यामुळे तिला तिन्ही देशांत लागणारच. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ज्या देशाच्या रस्त्यावर गाडी आहे तिथला नियम.

इथे मूल अजिबातच न बांधता नेलं तर 60 युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीत एक गुण चढतो. बांधलंय पण योग्य सीट नाही, तर 30 युरो. आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी: पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट लावायची नाही. एअरबॅग उघडते ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आपटते. दंडाची फिकीर नंतर, आधी हे.

खटपट्या

@अणुरेणू, @शुभ्रकमळ, मांडीवरच्या बाळाबद्दलचं पटलं. हिशेब बघून गप्प बसलो. पण मोठ्या मुलांबद्दल अजून शंका आहे. स्टीव्हन लेव्हिट नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 2005 मध्ये आकडेवारी मांडून दाखवलं होतं की 2 वर्षांपुढच्या मुलांमध्ये मृत्यू टाळण्यात कारसीट साध्या पट्ट्यापेक्षा सरस ठरत नाही. तो काही ऐरागैरा माणूस नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

अणुरेणू

चांगला प्रश्न. लेव्हिट यांनी जीवघेण्या अपघातांची सरकारी आकडेवारी वापरली, म्हणजे ज्या अपघातात कुणी ना कुणी दगावलंय तेवढेच. आणि मोजलं काय, तर मृत्यू. मूल जगलं पण आतडं फाटलं, मणका गेला, हे त्या मोजमापात येतच नाही. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी 2003 मध्ये 4 ते 7 वर्षांच्या मुलांच्या दुखापती मोजल्या, तेव्हा नुसत्या पट्ट्यापेक्षा बूस्टरमध्ये दुखापतीची शक्यता 59 टक्क्यांनी कमी आढळली. 2009 मध्ये त्यांनीच जास्त माहिती घेऊन 4 ते 8 वर्षांसाठी पुन्हा मोजलं तेव्हा 45 टक्के. आकडा खाली आला, पण दिशा तीच राहिली. शुभ्रकमळ यांनी वर जे पोटाचं सांगितलं ते याच आकड्यांत आहे.

लेव्हिट यांच्याकडून घेण्यासारखं एक आहे: पट्टाही न बांधणं आणि नुसता पट्टा बांधणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बूस्टर हाताशी नसेल तर पट्टा तरी हवाच.

खटपट्या

मुद्दा मान्य. नातवंडं येतील तेव्हा वाद घालणार नाही.

दूरदेशी

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख आला म्हणून. इथे 6 महिन्यांपर्यंत मागे तोंड. 6 महिने ते 4 वर्षं मागे किंवा पुढे, पण सीटच्या स्वतःच्या हार्नेसमध्ये. 4 ते 7 पुढे तोंड करून हार्नेस किंवा बूस्टर. सातनंतर बूस्टर किंवा मोठ्यांचा पट्टा. सगळं वयावर. सात पूर्ण झाली म्हणून ज्यांनी बूस्टर काढलं त्यांची मुलं सर्वसाधारणपणे 120-125 सेंमीची असतात आणि जाणकार संस्था तर 145 सेंमीपर्यंत बूस्टर ठेवा म्हणतात. म्हणजे @कातरवेळ, वय नको, उंची हवी या तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा.

इथे स्थलांतर करून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: बाहेरची कारसीट इथे बेकायदेशीर आहे, कितीही नामांकित असली तरी. स्थानिक मानकाचीच हवी, कारण इथे सीटच्या वरून मागे जाणारा तिसरा पट्टा सक्तीचा आहे. आम्ही सीट बरोबर घेऊन यायची तयारी केली होती, सुदैवाने निघण्याआधी एका मित्राने सांगितलं. कॅनडातही तसंच, त्यांची राष्ट्रीय खूण नसलेली अमेरिकी सीटसुद्धा चालत नाही. न्यूझीलंड त्या मानाने उदार, युरोपीय मानकही मानतं.

उंबरठा

मी वयाच्या बाजूने बोलते. उंची कुणी मोजायची? रस्त्यावर पोलिसाने फूटपट्टी काढायची का? वय जन्मदाखल्यावर असतं, शाळेत शिक्षकांना माहीत असतं, सहलीला दुसऱ्यांची मुलं नेताना फोनवर विचारता येतं. कायदा पाळला जायचा असेल तर तो लोकांच्या लक्षात राहायला हवा. उंची दर दोन महिन्यांनी बदलते.

कातरवेळ

@उंबरठा, हा विचार मी केला नव्हता. सहलीचं उदाहरण पटलं. तरी वाटतं की दोन्ही हवं: उंची मुख्य आणि वय ही शेवटची मर्यादा, जसं इथे आहे.

नवाकोराकागद

आमची आई 4 फूट 8 इंच. या हिशेबाने आजीलाच बूस्टर लागणार, नातवाशेजारी दोघांचे दोन सिंहासन :)

शुभ्रकमळ

:) आजींना नाही लागणार. उंची कमी असली तरी कमरेचं हाड पूर्ण वाढलेलं असतं, त्यामुळे खालचा पट्टा योग्य जागी बसतो. खांद्याचा पट्टा गळ्याला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावर तो वर-खाली करायची सोय असते, ती खाली करून द्या. बऱ्याच जणांना ती सोय आहे हेच माहीत नसतं.

तीनतेरा

तीन मुलं असलेल्यांनी काय करायचं ते कुणी सांगा. मागच्या रांगेत तीन कारसीट बसतच नाहीत.

चक्रधर७

ब्रिटनपुरतं सांगतो. दोन सीट लावल्यावर तिसरीला जागाच उरली नाही, तर 3 वर्षं किंवा त्याहून मोठं मूल मागे मोठ्यांचा पट्टा लावून बसू शकतं. 3 वर्षांखालच्याला ही सूट नाही, त्याला सीटशिवाय नेताच येत नाही. अचानक, टाळता न येणारा आणि जवळचा प्रवास असेल तरीही 3 वर्षांवरच्यांना अशीच सूट आहे. टॅक्सीत चालकाकडे सीट नसेल तर मूल मागे बसू शकतं. 3 वर्षांवरचं असेल तर पट्टा लावून. 3 वर्षांखालचं असेल तर कायदा पट्ट्याशिवायही चालवून घेतो, जे मला मनापासून चुकीचं वाटतं. टॅक्सीतल्या धडकेत काही वेगळं घडत नाही.

अरुंद सीट मिळतात, मोजून बघा. बूस्टर मध्ये आणि हार्नेसवाल्या दोन कडेला, किंवा उलट, असं करून पाहिलं की बऱ्याच गाड्यांत जमतं.

सप्तर्षी

तीन मुलांवरून आठवलं. 2020 मध्ये दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की कारसीटचे कायदे जसजसे जास्त वयापर्यंत वाढले तसतसं तिसरं मूल होण्याचं प्रमाण घटलं, कारण साध्या गाडीत तीन सीट मावत नाहीत आणि मोठी गाडी घेणं सगळ्यांना जमत नाही. 2017 या एका वर्षात कायद्यांमुळे 57 मुलांचे प्राण वाचले आणि सुमारे 8,000 जन्म कमी झाले असा त्यांचा अंदाज. त्यावर तिकडे खूप वाद झाला. मला वाटतं यात कायद्याला दोष देण्यापेक्षा गाडी बनवणाऱ्यांनी मागची रांग नीट आखायला हवी.

उत्तरायण

अवांतर: मागे तोंड करण्याची कल्पना स्वीडनची. साठच्या दशकात तिथले डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी मोहिमेतल्या अंतराळवीरांची बैठक पाहिली. उड्डाणाचा जोर पूर्ण पाठीवर यावा अशी त्यांची रचना होती. बूस्टरची उशीसुद्धा स्वीडनमध्येच सत्तरच्या दशकात आली. तिथे चार वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करूनच बसतात, कायदा तेवढं मागत नाही तरीही.

निळीशाई

अंतराळवीराचं सांगितल्यावर आमचा लेक सीटमध्ये हसत बसेल, आज करून बघते.

धुकंदाट

भारताबद्दल कुणी लिहिलं नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194ब आलं, 1 सप्टेंबर 2019 पासून लागू. 14 वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या बैठकीने बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड, गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला. अडचण त्या "किंवा"मध्ये आहे. कोणत्या वयाला काय, उंची किती, तोंड कुठे, हे त्या कलमात काहीच नाही. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तरी अक्षरशः वाचलं तर कलम पाळलं गेलं. शुभ्रकमळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर हे किती अपुरं आहे ते कळतं. बैठकीसाठी एआयएस 072 हे भारतीय मानक आहे आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत लहान प्रवाशांच्या सुरक्षेचे वेगळे तारे देतात, तेव्हा गाडी घेताना ते तरी बघावेत.

आंबटगोड

दुचाकीवर लहान मुलांना नेतात त्याचं काय? त्याला काही नियम आहे का?

धुकंदाट

आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट हवं, 4 वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस हवा आणि वेग ताशी 40 किमीच्या आत. हार्नेसमुळे झोप लागलेलं मूल बाजूला कलंडत नाही, एवढा त्याचा उपयोग. कारसीटची बरोबरी त्याने होत नाही.

पाऊसवेडा

विमानातून कारसीट नेली तर ती वापरता येते का?

सप्तर्षी

हार्नेसवाली सीट, विमानासाठी प्रमाणित असल्याचं तिच्यावर छापलेलं असेल आणि मुलाचं वेगळं तिकीट असेल तर अमेरिकी नियमांत येते. बूस्टर उड्डाण-उतरण्याच्या वेळी नाही चालत, कारण विमानाच्या सीटला खांद्याचा पट्टाच नसतो. सामानात टाकताना मात्र विचार करा, आपटून आतला फोम तडकला तर बाहेरून दिसत नाही. त्याच कारणासाठी कुणाची जुनी सीट घेताना तिचा इतिहास माहीत असलेल्या माणसाकडूनच घ्यावी.

उत्तरायण

जुन्या सीटवरून: आर44 मधल्याही 01 आणि 02 या आवृत्त्या युरोपात 2008 पासून वापरायला बंद आहेत. 03 किंवा 04 असेल तरच. आणि युरोपीय संघात 1 सप्टेंबर 2024 पासून आर44 च्या सीटची नवी विक्री थांबली. घरात आहे ती वापरता येते, म्हणजे कातरवेळ यांच्या लेकीची सीट जर्मनीत चालेल.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आमचं ठरलं. धाकटा मागे तोंड करूनच, 15 महिन्यांनंतरही मावेल तोवर. लेक पाठ असलेल्या बूस्टरवर, तिन्ही देशांत. भारतात दोन्ही सीट बरोबर नेणार, कायदा तिथे कमी मागत असला तरी.

एक शेवटचं. भारतात जी गाडी वापरणार तिला आयसोफिक्सचे, म्हणजे पट्ट्याशिवाय सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक नाहीत असं कळलं. आणि जर्मनीत थंडी असेल, जाड कोट घालून हार्नेस लावला तर चालतं का?

चक्रधर७

सीटच्या पुस्तिकेत गाडीच्या पट्ट्याने बसवायची पद्धत दिली आहे का ते आजच बघा. आर129 च्या काही सीट फक्त आयसोफिक्सवर बसतात, तशी असेल तर तिकडे दुसरी लागेल. पट्ट्याने बसत असेल तर पट्टा ज्या खाचांतून जातो तिथे सीट धरून हलवा, अडीच सेंमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. सीटवर गुडघा टेकवून वजन टाका आणि मग पट्टा ओढा, तरच घट्ट बसतो. निघण्याआधी घरी एकदा पट्ट्याने लावून बघा, तिथे जाऊन प्रवासाच्या थकव्यात पहिल्यांदा लावू नका.

शुभ्रकमळ

कोट काढूनच. जाड कोटातली हवा धडकेत दाबली जाते आणि हार्नेस तेवढा सैल पडतो. पातळ कपड्यांवर हार्नेस घट्ट करा. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पकडता आली तर अजून ओढायचा. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. मग कोट उलटा करून हार्नेसच्या वरून पांघरा, बाही हातात घातल्या तरी चालतात. लेकीचंही तसंच, कोट उघडा ठेवून खालचा पट्टा कोटाच्या आतून मांडीवर घ्या.

कातरवेळ

पुस्तिका सापडली. पट्ट्याने बसते! शनिवारी दोन्ही सीट काढून पुन्हा लावून बघते आणि काही अडलं तर इथेच विचारते.

तीनतेरा

मीही शनिवारी मोजपट्टी घेऊन गाडीत. आमच्या गाडीची मागची रांग दारापासून दारापर्यंत 134 सेंमी भरली आहे. एवढ्यात तीन सीट मावलेलं कुणी असेल तर कृपया सीटची रुंदी लिहा.